अळणी पिठलं

“पण विचारल्याशिवाय कळायचं कसं, बुवा? भूक खरी आहे की सोंग?”

भैरूबुवा पळसाची पानं टाचून पत्रावळी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आणि विचारून कळतं?”

“चार प्रश्न विचारले की माणूस उघडा पडतो,” विश्वंभर म्हणाला.

“हं… उघडा पडतो खरा.”

विश्वंभराला वाटलं, बुवांना आपलं म्हणणं पटलं. तो खूश होऊन चुलीकडे गेला.

वाघजाईच्या खिंडीतला तो मठ म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि एक चूल. कोकणातून घाट चढून आलेला माणूस तिथवर पोचेतो अर्धमेला झालेला असायचा. त्याला दोन घास घालायचे, एवढाच त्या मठाचा धर्म. ना तिथं पालखी, ना उत्सव. भैरूबुवांना ओव्याही धड पाठ नव्हत्या. माणूस मात्र असा की त्यांच्या हातची शिळी भाकरी खाऊन गेलेले लोक वीस वर्षांनी आपली नातवंडं दाखवायला घाट चढून यायचे.

विश्वंभराची गोष्ट वेगळी. तो शास्त्र्यांच्या घरातला. अन्नदानावर बोलायला लागला की श्लोकामागून श्लोक सांगायचा, ऐकणाऱ्याची भाजी करपली तरी थांबायचा नाही. बारा वर्षं त्यानं मठात पाणी भरलं, लाकडं फोडली, जातं ओढलं. कष्टाला तो कधी मागं हटला नाही. पण नावच विश्वंभर, विश्वाचं पोट भरणारा! बुवा कधी कधी चिडवायचे, “विश्व राहू दे बाबा, आधी मांजराला दूध घाल.”

आता घाटाच्या पायथ्याच्या गावकऱ्यांनी नवा मठ बांधला होता. तो चालवायला त्यांना कोणीतरी हवं होतं. विश्वंभराचा जीव तिकडे लागला होता.

बुवांच्या मठात गादी नव्हती, शाल नव्हती. चुलीवरच्या खुंटीला एक पितळी पळी टांगलेली असायची. बुवा ज्याच्या हातात ती देतील, त्यानं आपली चूल वेगळी मांडावी, अशी रीत होती. त्या दिवशी सकाळी बुवांनी पळी खुंटीवरून काढली आणि विश्वंभराच्या हातात ठेवली.

“आज जो पहिला येईल, त्याला तू वाढ. नीट वाढलंस तर उद्या ही घेऊन खाली उतर.”

बारा वर्षांचं सगळं त्या एका पानावर आलं होतं. विश्वंभरानं हुलग्याचं पिठलं केलं, मीठ घालून दोनदा चाखलं, भाकऱ्या थापल्या आणि वाट पाहत बसला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तो माणूस आला.

काळासावळा, चाळिशीचा. पायांच्या टाचा पांढऱ्या, चिरा पडलेल्या. कमरेला एक मळकी पुरचुंडी. पडवीच्या कडेला उभा राहून त्यानं हात जोडले. हात पुढे करायची सवय नव्हती त्याला, तेवढं दिसत होतं.

“दोन दिस झाले… पोटात काय नाय.”

“नाव?” विश्वंभरानं विचारलं.

“जोमा.”

“काम काय करतोस?”

“मिठागरात व्हतो. उधान आलं, बांध फुटला. सगळं मीठ पान्यात गेलं.”

“मग कुठं निघालास?”

“वर देशावर. बहीन हाय.”

“दोन दिवस वाटेत कुणी काहीच दिलं नाही?”

 जोमा खाली बघत म्हणाला, “मागितलं नाय.”

विश्वंभराची खात्री पटली. भूक खरी होती. त्यानं पत्रावळ मांडली आणि हातचं काही न राखता वाढलं. चार भाकऱ्या, पिठलं, ठेचा, गुळाचा खडा, वाडगाभर ताक. राजाच्या पंगतीला लाजवेल असं पान होतं ते. मग पळी हातात धरून तो समोर उभा राहिला.

“जेव. लाजू नकोस. या मठातून आजवर कुणी विन्मुख गेलेलं नाही.”

जोमानं घास उचलला.

“अन्नदानासारखं दान नाही. देणाऱ्यालाही पुण्य, घेणाऱ्यालाही.”

जोमानं दुसरा घास घेतला. तो बराच वेळ तोंडातच घोळत राहिला.

“आणि अंगात बळ दिसतंय तुझ्या. असं हात पसरत फिरण्यापेक्षा कुठंतरी कामाला लाग. तुझ्या बऱ्यासाठीच सांगतोय.”

जोमानं पानावर दोन्ही हात आडवे धरले.

“पुरे.”

“अरे, अर्धी भाकरीसुद्धा झाली नाही!”

“भरलं पोट.”

त्यानं हात धुतले, पडवीला हात लावून नमस्कार केला. “जातो,” म्हणाला आणि निघून गेला.

विश्वंभर तसाच पळी घेऊन मागच्या अंगणात बुवांकडे आला.

“वाढलंस?” बुवांनी विचारलं.

“पोटभर. काही कमी केलं नाही.”

“कोण होता?”

“जोमा नावाचा. मिठागरातला. उधाणानं मीठ वाहून गेलं. दोन दिवस उपाशी होता. मी सगळं विचारून घेतलं.”

“किती जेवला?”

विश्वंभर अडखळला. “अर्धी भाकरी.”

“दोन दिवसांचा उपाशी… आणि अर्धी भाकरी.”

“पोट आखडलं असेल, बुवा.”

“निघताना काय म्हणाला?”

“काय म्हणणार? ‘जातो’ म्हणाला.”

बुवांच्या हातातलं पान तसंच राहिलं.

“जातो म्हणाला?… येतो नाही?”

विश्वंभरानं आठवून पाहिलं. आपल्याकडे माणूस वैऱ्याच्या घरातून निघाला तरी ‘येतो’ म्हणतो. पोरंसोरं चुकून ‘जातो’ म्हणाली तर आई तिथल्या तिथं दटावते. ‘जातो’च म्हणाला होता तो. ऐकलं होतं, पण कानात शिरलं नव्हतं.

बुवा उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. जोमानं टाकलेलं पान त्यांनी पडवीतून तसंच उचललं, दोन हातांवर धरलं आणि अनवाणी वाटेला लागले. विश्वंभर मागोमाग धावला.

मठापासून पन्नास पावलांवर पाण्याचं टाकं होतं, त्याच्याशेजारी उंबराचं झाड. तिथं वाट वळायची. उजवीकडे देशावर उतरायची. डावीकडे वाटच नव्हती, कडा होता.

जोमा डावीकडे बसला होता. पाय कड्याबाहेर सोडून.

 विश्वंभर ओरडणार, इतक्यात बुवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला.

बुवा उंबराखाली बसले. पान मांडीवर घेतलं. मग अगदी शेजारच्या घरात हाक मारावी तशी हाक मारली.

“अहो पाहुणे! जरा अडचण झालीय.”

जोमानं मान वळवली नाही.

“हा आमचा स्वयंपाकी फार विद्वान आहे. पण पिठल्यात मीठ घालायला विसरला. मठातलंही संपलंय. मला तर घास उतरेना… तुमच्याकडे चिमूटभर मिळेल का?”

विश्वंभराचे कान तापले. फडताळात मिठाचं मडकं काठोकाठ भरलेलं होतं!

 खालून गरम वारा येत होता.

“मीठ?” जोमा म्हणाला.

“मीठ.”

“मीठ… हाय.”

“मग आणा की इकडे. माझ्यानं तिथवर येववत नाही. गुडघे गेले.”

जोमानं एक पाय आत घेतला. मग दुसरा. हळूहळू चालत तो उंबराखाली आला, पुरचुंडी सोडली. जाड, शुभ्र मीठ होतं. बुवांनी तळहात पुढे केला.

जोमानं चटकन पुरचुंडी मागे घेतली.

“हातावर नाय, बुवा! हातावर मीठ दिलं तर भांडान व्हतं. एवढं ठावं नाय तुमाला?”

“चुकलं,” बुवा म्हणाले. बोलणी खाल्लेल्या पोरासारखा त्यांनी हात खाली घेतला आणि पान पुढे केलं.

जोमानं पानाच्या वरच्या कडेला, जिथं मीठ वाढायचं असतं तिथं नेमकं, चिमटीनं मीठ ठेवलं. बोटं झटकली. मग दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि त्याच्या तोंडून आपोआप गेलं, “घ्या. सावकाश होऊ द्या.”

“ते कसं?” बुवा म्हणाले. “यजमान ताटकळत उभा, आणि पाहुण्यानं जेवायचं?”

जोमा बसला. त्याच पानावर, बुवांच्या समोर.

बुवांनी भाकरी मोडली, मिठात बुडवली आणि खाल्ली. जोमानं पिठल्याचा घास घेतला आणि थांबला. जन्म मिठात गेलेला माणूस तो, त्याच्या जिभेला कोण फसवणार? त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवा खाली मान घालून जेवत होते.

“खरं हाय,” जोमा हळूच म्हणाला. “अळनीच हाय.”

आणि त्यानंही पिठल्यावर चिमूटभर मीठ टाकलं.

विश्वंभर पाहत राहिला. दोघंही खोटं बोलत होते. दोघांनाही ते माहीत होतं. आणि आपल्याच डोळ्यांना पाणी का येतंय, ते त्याला कळेना.

“विश्वंभर, भाकऱ्या आण,” बुवा म्हणाले.

तो धावत गेला, धावत आला. या वेळी समोर उभा राहिला नाही. भाकऱ्या ठेवल्या आणि टाक्यातून पाणी काढायला गेला.

जोमा चार भाकऱ्या जेवला. पोटात अन्न गेलं तशी त्याची जीभ सुटली. पहाटे खाडीचं पाणी आगरात कसं घ्यायचं, ऊन कडक पडलं की मीठ कसं धरतं, पहिल्या राशीला नारळ कसा फोडायचा, सगळं सांगितलं.

“सगळा गाव आमच्याकडं मीठ न्यायला यायचा, बुवा. मोजून नाय दिलं कधी. ओंजळीनं दिलं. ही शेवटल्या राशीतली मूठ. बहिनीच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं?”

“हो ना,” बुवा म्हणाले. “कसं जायचं?”

ऊन कलायला लागलं तेव्हा जोमा उठला. पुरचुंडीतलं अर्धं मीठ त्यानं पळसाच्या पानात बांधून बुवांच्या समोर ठेवलं.

“मठाला असू द्या. परतताना आनखी आनीन.”

“आणा.”

“येतो, बुवा.”

“या.”

तो उजवीकडच्या वाटेनं उतरला. वळणावर एकदा मागे वळून त्यानं हात वर केला. बुवा तो दिसेनासा होईपर्यंत उभे होते. मग टाक्यावर बसून ते तीन तांबे पाणी एकापाठोपाठ एक प्यायले.

मठात परतल्यावर विश्वंभरानं पितळी पळी घासली, पुसली आणि पुन्हा खुंटीला टांगली. कुणी सांगितलं नव्हतं. बुवांनी ते पाहिलं आणि पत्रावळीची पानं पुन्हा हातात घेतली.

पातेल्यात थोडं पिठलं उरलं होतं. विश्वंभरानं बोटानं चाखलं. मीठ बेताचं, अगदी जिथल्या तिथं होतं.

तो बुवांच्या जवळ जाऊन बसला.

“बुवा, एकच विचारतो. बारा वर्षांत तुम्ही कधी खोटं बोललेलं मी ऐकलं नाही. पिठल्यात मीठ होतं. फडताळातलं मडकं भरलेलं आहे…”

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. घाटाच्या वाटेकडे पाहिलं.

“हळू बोल, विश्वंभर… मी त्या माणसाचं मीठ खाल्लंय.”