बुजवलेल्या विहिरी

खडकाळ माळावर वसलेल्या एका गावात तिपण्णा नावाचा विहिरी खोदणारा राहायचा. हातात पहार आली की दोघांचं काम एकटा उरकायचा. स्वभावानं मात्र अगदी भोळा सांब.

त्या गावची एक रीत होती. विहीर खोदायच्या आधी पाणाड्याला बोलवायचं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरायचा. नारळ जिथं उभा राहील तिथं खाली पाणी, असं सगळे मानायचे आणि तिपण्णा तिथं खोदायचा. पाणी लागलं की काय तो थाट! गुलाल उधळायचा, पाणाड्याला फेटा बांधायचा, वर्षभर गावात त्या विहिरीचं कौतुक. आणि नाही लागलं तर? तर पाणाड्या तिपण्णाकडे बोट दाखवायचा. "ह्यानं जागेवर चप्पल घालून पाय दिला, म्हणून पाणी पळालं." बिचारा तिपण्णा मान खाली घालायचा आणि काढलेला मुरूम पुन्हा खड्ड्यात लोटायचा. पुढच्या सालाला त्यावर बाजरी यायची आणि इथं कधी विहीर खोदली होती हेच गाव विसरून जायचं.

तिपण्णाला एकच लेक, शांतव्वा. नवरा वारल्यावर ती माहेरी आली, ती नवऱ्याकडून लागलेला एचआयव्ही घेऊनच. आली तेव्हा पार अंथरुणाला खिळली होती. मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोरगी सावरली. वर्षभरात चारचौघींच्या बरोबरीनं खुरपायला जाऊ लागली. पण गोळी रोजची, जन्माची. लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून गोळ्यांची डबी ती पिठाच्या डब्यात लपवायची. सकाळी भाकरीबरोबर गोळी घ्यायला बसावं आणि नेमकी दारात शेजारीण उभी, की गोळी पदराखाली जायची.

"आबा, ह्यातून एकदाची सुटका व्हावी बघा," ती म्हणायची.

अशात बातमी आली. शेजारच्या गावात कुणी गुरुजी आलेत, एकवीस दिवसांच्या काढ्यानं एचआयव्ही मुळापासून घालवतात म्हणे. झालं! दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं बापलेक निघाले. उपाशी या आणि आजची गोळी घेऊ नका, असा गुरुजींचा निरोप होता. शांतव्वानं गोळी घेतली नाही. डबी तेवढी सवयीनं पिशवीत आली.

गुरुजींच्या ओसरीवर भिंतभर फोटो होते. चाळीस हसरी माणसं आणि प्रत्येकाखाली चिकटवलेला रक्ताचा रिपोर्ट. दोन बाया आपापल्या गोळ्यांच्या डब्या पुढ्यात ठेवून आधीच येऊन बसल्या होत्या.

"हे सगळे बरे झाले," गुरुजी म्हणाले. "पोरी, ती डबी इथं ठेव. दोन औषधं एका अंगात नांदत नाहीत."

तिपण्णाचे डोळे भरून आले. त्यानं हात जोडले. शांतव्वानं पिशवीतून डबी काढली. आणि तिपण्णानं सहज, कौतुकानंच विचारलं, "गुरुजी, आजवर किती जण आले असतील हो?"

"हजाराच्या वर!"

"मग बाकीच्यांचे फोटो?"

गुरुजींच्या कपाळावर आठी पडली. "त्यांनी पथ्य मोडलं. श्रद्धा कमी पडली त्यांची. त्यात औषधाचा काय दोष?"

तिपण्णा चपापला. हे बोलणं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. कुठंतरी कसलं, उभा जन्म ऐकलं होतं! चप्पल घालून पाय दिला, म्हणून पाणी पळालं. स्वतःच्या हातांनी बुजवलेली एकेक विहीर त्याच्या डोळ्यांपुढं आली. गावाला पाण्याच्या विहिरी तेवढ्या माहीत, कोरड्या फक्त त्याला. ह्या भिंतीमागं अशा किती असतील? आणि त्या काही विहिरी नव्हेत, कुणाकुणाच्या लेकी आहेत.

"थांब पोरी," तो म्हणाला. "आधी त्या फोटोखालचा कागद वाच."

शांतव्वा सातवी शिकलेली. तिनं एक रिपोर्ट वाचला, दुसरा वाचला, तिसरा वाचला. मग वळून म्हणाली, "आबा, रक्तात विषाणू आढळला नाही, असं लिहिलंय. पण माझ्या गेल्या रिपोर्टावर हेच आहे की! दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गोळ्यांनी तो दबतो, तपासणीत सापडत नाही, पण गेलेला नसतो. गोळी सोडली की पुन्हा डोकं वर काढतो." ती गुरुजींकडे वळली. "ह्या लोकांनी गोळ्या कधी सोडल्या? सोडल्यावर पुन्हा रक्त तपासलं का?"

"शंका घेणाऱ्याला गुण येत नाही!" गुरुजी कडाडले. "उठा इथनं!"

"उठतो," तिपण्णा म्हणाला. "पण गुरुजी, विहिरीला पाणी असलं ना, तर शंका घेणाऱ्याच्या घागरीतही ते येतं."

शांतव्वानं डबी उघडली. "घोटभर पाणी मिळेल का?"

मग तिनंच कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि भरल्या ओसरीवर, चारचौघांदेखत गोळी घेतली. बसलेल्या दोघींपैकी एकीनं स्वतःची डबी हळूच परत पिशवीत टाकली.

परतीच्या एसटीत मात्र शांतव्वा ढसाढसा रडली. "आबा, म्हणजे जन्मभर हेच का?"

तिपण्णानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "काय सांगू पोरी? शोधणारे शोधतायत. उद्या खरं औषध निघालं तर तुला खांद्यावर घेऊन जाईन. पण जो स्वतःच्या कोरड्या विहिरीही मोजून दाखवील, त्याच्याच दारात."

त्या दिवसापासून डबी पुन्हा पिठाच्या डब्यात गेली नाही. ती चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी राहू लागली.

तात्पर्य: बरे झालेल्यांचे फोटो कुणीही भिंतीवर लावील, बरे न झालेल्यांचं काय झालं हे विचारावं, आणि त्याचं सरळ उत्तर मिळाल्याशिवाय गुण देणारं औषध सोडू नये.