अर्ध्या दाराची कड

जर्मनीतल्या ग्रुनटाल गावात आजाऱ्याच्या खोलीचं दार मधोमध आडवं कापलेलं असतं. खालचा भाग बंद, वरचा उघडा. असं पहिलं दार इथल्या राजवाड्यात आहे. ते दाखवताना म्हातारे रखवालदार वेन्झेल पाहुण्यांना आधी एक प्रश्न सांगतात: "दादा मला हाका मारत होता, तरी तुम्ही दार का उघडलं नाही?"

अडीचशे वर्षांपूर्वी युवराज आल्बान देवीच्या रोगाने याच बंद दाराआड वारले, असं सांगतात. धाकटा भाऊ योस्ट बाहेरून मुठी आपटत राहिला. नंतर हा प्रश्न त्याने राजवैद्यांना विचारला, वडिलांना विचारला, स्वयंपाकिणीलासुद्धा विचारला.

दहा दिवसांत युवराजांची पत्नी थेरेसिया आणि पाच वर्षांची लेक लेने, दोघींच्या अंगावर फोड उठले. दार पुन्हा लागलं.

"आता गादीचे वारस तुम्ही," राजवैद्य योस्टला म्हणाले. "आत जायचं नाही. चिठ्ठी लिहा, दाराखालून सरकवतो."

योस्ट बसला लिहायला. अभ्यासाच्या वेळी तो कायम सुतारखान्यात सापडायचा. स्वतःचं नाव लिहिताना कागदच फाटला. तो उठला आणि करवत घेऊन आला.

आतून वहिनीने आवाज ओळखला. "भाऊजी, उंबरठा ओलांडलात तर तुमच्या दादाची शपथ!"

"नाही ओलांडत," म्हणत त्याने दार कमरेच्या उंचीवर कापायला घेतलं. पहारेकरी धावले, पण होणाऱ्या राजाला हात कोण लावणार?

मग म्हणे तो रोज तिथेच उभा असायचा. दादा घोड्यावरून शेणात कसा पडला, ते लेनेला रंगवून सांगायचा.

"खोटं! बाबा कधीच पडत नव्हते," ती पडल्या पडल्या ओरडायची. वहिनी हसायची.

ताप उतरला त्या सकाळी लेने चालत आली, दाराच्या कापलेल्या कडेवर हनुवटी टेकली आणि कळवळली. "काका, तुमचं दार टोचतं."

"घाईत कापलं गं, राणी." त्याला स्वतःला पहाटेपासून कणकण होती. तरी तो जाऊन रंधा घेऊन आला.

माय-लेकी वाचल्या. योस्ट त्याच दुपारी आडवा झाला, तो उठलाच नाही. त्याच्या खोलीचं दार मात्र वहिनीने कापून घेतलं आणि शेवटपर्यंत ती तिथे उभी राहिली. तेव्हापासून गावात ही रीत पडली.

आजही त्या पहिल्या दाराची कड दोन्ही बाजूंना खरबरीत आहे. मधे एका हनुवटीपुरती जागा गुळगुळीत लागते. तेवढी घासून होईपर्यंत तो उभा होता.