वीरगळीचं खालचं चित्र

फार फार वर्षांपूर्वी, राजे स्वतः गावोगाव फिरून न्याय करत, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच लक्ष देऊन ऐका.

एका गावाच्या वेशीवर वीरगळ होती. वीरगळ म्हणजे गावासाठी जीव दिलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. ती निम्मी मातीत गेली होती आणि वर शेवाळ चढलं होतं. पाटलाची म्हैस तिला रोज अंग घासायची. पाटलाने मात्र तिच्याकडे कधी वळूनही पाहिलं नव्हतं. गुराख्यांच्या वस्तीतली एक म्हातारी तेवढी दर अवसेला यायची, काथ्याने आणि नुसत्या पाण्याने दगड हळूहळू पुसायची, पायथ्याशी भाकरतुकडा ठेवून जायची.

एक दिवस दवंडी पिटली. राजा येणार होता आणि वीरगळ ज्याच्या पूर्वजाची ठरेल, त्याला गावचं कुरण कायमचं देणार होता. गुराख्यांची वस्ती त्याच कुरणावर होती.

झालं! पाटलाला एकाएकी पूर्वजांचा पुळका आला. त्याने पाथरवट बोलावले आणि दगड छिन्नीने खरवडून लख्ख करायला सांगितलं. म्हातारी आडवी आली. शेवाळ भिजवलं की आपोआप सुटतं, लोखंड लावलं तर चेहरा जाईल, असं तिने हात जोडून सांगितलं. शेण काढणाऱ्या बाईने पाटलाला अक्कल शिकवू नये, म्हणत पाटील हसला. शेवाळाबरोबर वीराचे नाकडोळेही गेले. पूर्वज म्हणवतोस आणि त्याचंच तोंड छिन्नीने उतरवतोस? सांगतानाही माझं डोकं फिरतं.

राजा आला. हा आपला पणजोबा, घोड्यावरून तलवार चालवताना पडला, असं पाटलाने छाती काढून सांगितलं. गावकरी मूग गिळून बसले. आणि हेच लोक म्हणे वीराचे गाववाले!

म्हातारी एकटी पुढे झाली. “म्हाराज, वीरगळ खालनं वर वाचायची असती. वर असतो त्यो सरग. मानूस मेला कसा, ते समद्यात खाली. म्या नवरी हून आले तवा ते मातीच्या वर व्हतं. तेवढं उकरून बघा.”

राजाने पाटलालाच माती उकरायला लावली. वीतभर खाली चित्र निघालं. छिन्नी तिथवर पोचलीच नव्हती, कारण तेवढी माती काढायचेही कष्ट पाटलाने घेतले नव्हते. घोडा नव्हता, तलवार नव्हती. चोर गाई पळवत होते आणि एक गुराखी काठी उगारून त्यांच्या आडवा उभा होता.

कुरण गुराख्यांना मिळालं. पाटलाला राजा एवढंच म्हणाला, “आता दर अवसेला ही वीरगळ तू धुवायचीस. म्हातारी सांगेल तशी.”

पाटील जन्मभर ती धूत राहिला, पण वीराचा चेहरा काही परत आला नाही.

तात्पर्य: ज्याने वीराच्या पायाशी साचलेली माती कधी काढली नाही, त्याने त्याच्या पराक्रमावर हक्क सांगू नये.