उघड्या व्हॉल्व्हची ऊब

“...मग अजून किती तापवू, अप्पा?”

मल्लिनाथनं विचारलं तेव्हा अप्पा ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

“आतापर्यंत किती तापवलंस?”

“नळीला विजेवर तापणारी तार गुंडाळली. पहिल्यांदा मीठ गोठलं तेव्हा अजून एक पदर गुंडाळला. परवा पुन्हा गोठलं, मग आणखी एक.”

“बरं.”

“बरं काय, अप्पा! आज रात्री गोठलं तर संपलंच की सगळं.”

अप्पांनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या हातावर ठेवले. “खा.”

अप्पा म्हणजे आमच्या मठाचे थोरले. दीक्षा घ्यायच्या आधी खताच्या कारखान्यात इंजिनिअर होते, त्यामुळं त्यांच्या प्रवचनात मोक्षाच्या जरा अलीकडे वाफेचा दाब येतोच. मल्लिनाथ त्यांचा लाडका शिष्य. परदेशात शिकून आला आणि मठामागच्या माळावर त्यानं हा उन्हाचा प्लँट उभा केला.

मी गौराक्का. मठाचं स्वयंपाकघर माझ्याकडे. मला या प्लँटमधलं कळतं ते एवढंच, की आरसे ऊन गोळा करतात, त्या उन्हानं मीठ वितळतं, पाण्यासारखं पातळ होऊन मोठ्या टाकीत साठतं, आणि तिथून नळीतून माझ्या भिंतीमागच्या वाफेच्या भांड्यापर्यंत येतं. त्या वाफेवर वसतिगृहातल्या पोरांचं अन्न शिजतं.

मीठ म्हणजे आमटीतलं नव्हे, खतासारखं. पहिल्या दिवशी मी चव घ्यायला निघाले होते, ते जाऊ द्या.

या मिठाचा स्वभाव अगदी माझ्यासारखा. ऊब आहे तोवर वाहतं, बोलतं. ऊब जरा कमी झाली की जागच्या जागी दगड. आणि नळीत दगड झाला की वाफ नाही, वाफ नाही की पोरांच्या ताटात नुसते चुरमुरे. या थंडीत दोनदा झालं होतं तसं. उद्या सकाळी ट्रस्टी येणार होते. पुन्हा गोठलेलं दिसलं तर आरसे उतरवायचे आणि डिझेलचा जुना बॉयलर परत बसवायचा, हे त्यांचं ठरलेलं होतं.

म्हणून मल्लिनाथचा चेहरा असा. मी दाणे निवडायच्या निमित्तानं तिथंच बसले होते. निमित्त मला लागतंच.

“मल्लू,” अप्पा म्हणाले, “तुझ्या नळीवर सगळ्यात गार जागा कुठली?”

“नाहीच, अप्पा. हे बघा की.” त्यानं मोबाइल पुढं केला. नळीभर सेन्सर लावलेत, सगळे हिरवे. “संध्याकाळचं काम संपलं की नळीतलं मीठ उतारानं आपोआप टाकीत परत जातं. खाली स्वयंपाकघराच्या वळणाशी थोडं उरतं तेवढंच. पण तिथंही हिरवं.”

“मोबाइलला गोठायचं नाहीये. नळी दाखव.”

ऊन कलायला लागलं होतं. आम्ही निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

नळीवर जाड लोकर, लोकरीवर चकचकीत पत्रा. अप्पा चालता चालता पत्र्यावर तळहात टेकवायचे. बैलाच्या पाठीवर टेकवतात तसा.

“गार,” अप्पा म्हणाले.

“गारच लागणार. ऊब सगळी आत कोंडलीय.”

थोडं पुढं गेलो. पुन्हा तळहात.

“गार.”

“म्हणजे उत्तम की, अप्पा!” मल्लिनाथला जरा हुरूप आला. “बाहेर जेवढं गार, तेवढं आत गरम. माझं काम असंच असतंय.”

“असंय होय...”

असं करत आम्ही माझ्या स्वयंपाकघराच्या मागं आलो. तिथं एक मोठा व्हॉल्व्ह आहे. नळीचा नळच म्हणा, फक्त फिरवायला पैलवान लागतो. त्याच्याभोवती माझ्या हाताखालच्या सुंद्राबाई आणि पारूबाई हात शेकत बसल्या होत्या. बाजूच्या दगडावर दह्याचं पातेलं, झाकण घालून.

“या अप्पा,” सुंद्राबाई सरकून म्हणाल्या. “इथं बसा. थंडीत सगळ्या मठात एवढीच जागा बरी आहे बघा.”

“दही पण काय लागतंय इथं!” पारूबाई म्हणाल्या. “कवडीसारखं. चाकूनं कापावं.”

मी पदर सारखा केला. दही माझं होतं.

अप्पा खरंच बसले. व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर तळवे धरले. डोळे मिटले. चेहऱ्यावर असं सुख, की प्रवचनातसुद्धा मी कधी बघितलं नाही.

“वा... काय ऊब आहे! याच्यावर लोकर नाही, पत्रा नाही?”

“होतं की,” मल्लिनाथ म्हणाला. “जाड जॅकेट होतं, हुकांचं. मीच काढून ठेवलं.”

“का रे?”

“लोक येतात ना बघायला. नळीला हात लावतात आणि म्हणतात, हे तर गार आहे, बंद पडलंय काय? मग मी त्यांना इथं आणतो. लांबूनच हात धरा म्हणतो, भाजेल. हात धरला की चेहरेच बदलतात, अप्पा! ऊन काय करू शकतंय ते कळतं लोकांना.” तो हसला. “मागं एक गृहस्थ तर नमस्कार करून गेले व्हॉल्व्हला.”

“कुंकू लावलं नाही, नशीब,” मी म्हणाले.

अप्पांनी तळवे एकमेकांवर चोळले. पुन्हा धरले.

“ही ऊब कुठून आली, मल्लू?”

“नळीतून. आतल्या मिठातून.”

“हं. आणि माझ्या हातात आली.”

“हो.”

“सुंद्राबाईंच्या हातात आली. दह्यात गेली. त्या नमस्कार करणाऱ्या गृहस्थांबरोबर गावाला गेली...”

अप्पांनी तळवे मागं घेतले.

“मग मिठाकडं किती राहिली?”

...

माळावरून वारा आला. पारूबाईंनी पदर डोक्यावर ओढला.

मल्लिनाथनं मोबाइल बघितला. मग नळी बघितली. शेवटचा सेन्सर व्हॉल्व्हच्या अलीकडे, लोकरीत पांघरलेला, सुखात. व्हॉल्व्हवर एकही नव्हता. त्याची ती पदरावर पदर गुंडाळलेली तारही अलीकडेच संपत होती.

“अप्पा...” त्याचा आवाज बारीक झाला. “मी हिवाळाभर पांघरूण घेतलेल्यालाच अजून पांघरूण घालत होतो.”

अप्पांनी झोळीतली एक शेंग काढून फोडली. रिकामी निघाली. ते हसले.

जॅकेट सापडायला वेळ लागला, कारण पारूबाईंचं मांजर त्यावर व्यालेलं होतं. पिल्लांना पोत्यावर हलवलं. मल्लिनाथ एकेक हुक लावायला लागला तशा सुंद्राबाई कावल्या.

“अवो, मग आम्ही शेकायचं कुठं? आणि दही?”

“दही लागणार नाही आता,” मी म्हणाले. मला दह्याचं वाईट वाटत होतं. खरं तर कौतुकाचं वाईट वाटत होतं.

“गौराक्का,” अप्पा म्हणाले, “तुमच्याकडं शाल आहे ना?”

आहे. त्या रात्री ती दह्याच्या पातेल्यानं पांघरली. मी कुडकुडले.

शेवटच्या हुकाशी मल्लिनाथचा हात थांबला.

“पण अप्पा... उद्या ट्रस्टींना दाखवू काय? नुसता गार पत्रा?”

अप्पा तोवर उठून चालायला लागले होते. ऐकू आलं नसेल असं मी धरून चालले. ऐकू न येण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

सकाळी मी स्वयंपाकघरात शिरले तेव्हा मल्लिनाथ भिंतीमागं व्हॉल्व्हचं चाक धरून उभा होता. रात्रभर झोपला नव्हता हे त्याच्या केसांवरून कळत होतं. त्यानं चाक फिरवलं. काहीच नाही. मी मनातल्या मनात चुरमुऱ्यांचे डबे मोजायला लागले... आणि माझ्या मोठ्या भांड्याखाली सूंऽऽ झालं. झाकण थडथडलं. सुंद्राबाईंनी भांड्यालाच हात जोडले.

ट्रस्टी आले ते नेमके त्या वाफेवरचं उप्पीट वाढून पोरांची पंगत बसताना. पुढं कल्याणशेट्टी मालक, धोतराचा सोगा हातात. ते स्वयंपाकघराकडं बघतसुद्धा नव्हते. सरळ मागं गेले, नळीपाशी. पत्र्यावर हात ठेवला. नळीभर पुढं चालत गेले. व्हॉल्व्हच्या जॅकेटवरही ठेवला.

“गार आहे की रे हे सगळं,” मालक म्हणाले. “मागच्या खेपेला इथं हात धरवत नव्हता. पुन्हा गोठलं वाटतं?”

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकानं तर घड्याळ बघितलं.

मल्लिनाथची बोटं हुकाकडं गेली. दोन हुक काढले की झालं. मालकांचा हात त्या उबेवर धरायचा, चेहरा बदललेला बघायचा...

बोटं हुकावर गेली आणि तिथंच राहिली.

मग त्यानं हात खाली घेतला. तोंड उघडलं, मिटलं. मल्लिनाथ आणि गप्प! मला वाटलं, आता हा गोठला.

त्यानं अप्पांकडं बघितलं.

अप्पा दारात उभे होते, हातात पाण्याचा तांब्या.

“पानावर बसा, मालक,” ते म्हणाले. “उप्पीट गार होतंय.”