वाटीवर घेतलेला स्वेटर

हौसाबाई बोहारीण तीस वर्षं दारोदार हिंडून जुन्या कपड्यांवर भांडी देत आली. ते कपडे जुन्या बाजारात जायचे आणि गोरगरिबांचा हिवाळा निभायचा. पण यंदा त्या बाजारात जुन्या कपड्यांच्या शौकिनांची झुंबड उडाली, भाव आभाळाला भिडले आणि दम्याने खोकणाऱ्या नवऱ्यासाठी तिला साधा स्वेटर मिळेना.

शेवटी ती एका झगमगीत दुकानात शिरली. समोरच तपकिरी स्वेटर टांगला होता, कोपरावर तिनेच केलेल्या हिरव्या रफूसकट. गेल्याच महिन्यात तिने तो एका स्टीलच्या वाटीवर घेऊन जुन्या बाजारात विकला होता. आता चिठ्ठीवर किंमत होती बाराशे.

"बाराशे?" तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

मालक विहंग ऐटीत म्हणाला, "मावशी, लोकरीला कोण विचारतंय? आम्ही पैसे घेतो ते तिच्यामागच्या गोष्टीचे."

हौसाबाईने टोपलीतून तसलीच एक वाटी काढून गल्ल्यावर आपटली.

"मग गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा, साहेब. मला नुसती लोकर द्या. तिचं मोल ही एक वाटी, मीच मोजलं होतं!"

दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. विहंगने ओशाळून स्वेटर काढून दिला.

आठवड्याने ती पुन्हा त्या रस्त्याने निघाली. दुकानाच्या काचेमागे तिची वाटी दिमाखात मांडली होती. खाली चिठ्ठी होती: 'बोहारणीची अस्सल वाटी. किंमत आठशे.'

हौसाबाईच्या टोपलीत तशा अकरा वाट्या सकाळपासून पडून होत्या. जुन्या कपड्यांचे भाव लोकांना कळल्यापासून वाटीवर कपडा द्यायला एकही दार उघडत नव्हतं.