गोंगाटाचा नमुना

एकदा एका गावात पेटी वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. सारे गाव त्यांना आबा म्हणे. बोटे थकली, पेटीचा भाता फाटला, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांना एक संगणक आणून दिला, त्यात गाणी भरण्याची विद्या शिकवली आणि तो पुन्हा शहरात निघून गेला. आबांनी मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या. उघड्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो, गोधडी मात्र त्याला पोटात घेते. मधोमध एक माईक उभा केला. झाले. गावची भजने तिथे भरली जाऊ लागली, हळदीची गाणी भरली जाऊ लागली, आणि भाजीच्या गाडीवर दिवसभर ओरडणारे 'कांदे घ्या, बटाटे घ्या' तेही तिथलेच. आबा सगळ्यांना सारख्याच आदराने बसवीत. भाजीवाल्यालाही म्हणत, "पाणी पी, मग बोल. घसा ओला पाहिजे."

आबांकडे एक शिष्या येत असे. ती तरुण होती, लेकुरवाळी होती, आणि फार काळजी करणारी होती. बाळाला शिंक आली की तिचा जीव खालीवर होई, आणि शिंक आली नाही तर का आली नाही म्हणून होई. आबांना पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नसत, ती तिला दिसत. तिला त्यांचा अर्थ कळत नसे, तो आबांना माहीत होता. असे दोघांचे मिळून एक जाणते माणूस तयार होई. तांबडा गोल दाबला की आवाज भरायला लागतो. चौकोन दाबला की थांबतो. उलटा बाण दाबला की झालेली चूक नाहीशी होते.

"आबा, असला बाण संसारात पाहिजे होता," ती एकदा म्हणाली.

"असता तर तू दिवसभर तोच दाबत बसली असतीस. भाकरी कधी थापली असतीस?"

शिष्येला गाणी भरायला शिकायचे होते त्याला कारण होते. तिला सूतगिरणीत काम मिळाले होते. येत्या सोमवारपासून जायचे होते. घराला त्या कामाची गरज होती, त्यात विचार करण्यासारखे काही नव्हते. विचार होता तो तिच्या लेकीचा, चिंगीचा. चिंगी नुकती बसायला लागली होती, आणि दुपारची झोप ती आईच्या अंगाईशिवाय घेत नसे. सासूबाई जिवाला जीव देणाऱ्या होत्या, पण गाण्याच्या बाबतीत त्या स्वतःच म्हणत, "माझ्या गळ्यानं म्हशी उधळतात, पोर काय झोपणार!" एकदा झोप मोडली की चिंगी दिवेलागणीपर्यंत रडे, दूध टाकून देई, आणि रडून रडून तिला ताप येई. म्हणून शिष्येने ठरवले, आपण गिरणीत असलो तरी आपले गाणे घरी असावे.

एके दिवशी ती माईकसमोर बसली. चिंगी मांडीवरून उतरेना, तेव्हा तिला मांडीवर घेऊनच बसली. आबांनी पंखा बंद केला, शेजारी निरोप धाडला की थोडा वेळ मिक्सर लावू नका, आणि तांबडा गोल दाबला. शिष्या रोज गाई तेच गायली. ते तिचेच होते, चिंगीला थोपटता थोपटता जुळलेले.

कोण आलं गं दारी, पाऊल ना वाजे,
झोपेचं मांजर, मऊ पाय त्याचे.

गाणे संपेपर्यंत चिंगी झोपली. आबांनी चौकोन दाबला. मग त्यांनी आपल्या नियमाप्रमाणे मूळ आवाजाची एक प्रत बाजूला काढून ठेवली. कोणतेही गाणे धुवायला, म्हणजे त्यातले नको ते आवाज काढायला, घेण्याआधी ते असे करीत.

शिष्येने हेडफोन कानाला लावले आणि तिचा चेहरा उतरला.

आपलाच आवाज आपल्याला परका लागतो, हे सगळ्यांचेच होते. पण तिला आवाजापेक्षा दुसरेच ऐकू आले. प्रत्येक ओळीआधी घेतलेला दम. लोहाराच्या भात्यासारखा. थोपटण्याचे धप धप. बांगड्यांची किणकिण. मध्येच नाक ओढल्याचा आवाज, कारण तिला सर्दी होती. पडद्यावर तिच्या ओळी बाजरीच्या कणसांसारख्या दिसत होत्या, फुगीर, भरलेल्या, आणि दोन कणसांच्या मध्ये हे सगळे कुसळासारखे पसरले होते.

"आबा, मी अशी धापा टाकते?"

"दम घेतेस. सगळेच घेतात."

"रेडिओवरच्या बाया नाही घेत."

"घेतात गं. कुणी तरी काढून टाकतं."

हे शेवटचे वाक्य बोलून आपण चूक केली, असे आबांना त्याच क्षणी वाटले असावे. कारण शिष्येच्या डोळ्यांत लगेच उजेड पडला. काढून टाकता येते म्हणजे काढलेच पाहिजे.

ते कसे काढायचे हेही तिला ठाऊक होते. मागे भजनी मंडळाच्या गाण्यात पंख्याची घरघर शिरली होती, तेव्हा आबांनीच शिकवले होते. जिथे नुसती घरघर ऐकू येते, गाणे नाही, असा एक तुकडा शोधायचा. त्याच्यावर खूण करायची आणि यंत्राला सांगायचे, हा गोंगाटाचा नमुना. मग यंत्र साऱ्या गाण्यात फिरते आणि त्या नमुन्यासारखे जे जे सापडेल ते ते वेचून काढते. तांदळातले खडे वेचावेत तसे.

शिष्येने आपल्या गाण्यातला दोन कडव्यांमधला तुकडा शोधला. त्यात दम होता, बांगड्या होत्या, थोपटणे होते. त्याच्यावर खूण केली. हा गोंगाटाचा नमुना.

यंत्राने ऐकले. उरलेसुरले तिने रोज येऊन हाताने खुरपले. आबा बाजूला बसून सुपारी कातरीत आणि मधून मधून विचारीत, "अजून काही राहिलंय का?"

"थोडंसंच, आबा."

त्यांनी तिला थांबवले नाही. पेरणाऱ्याचा हात धरू नये, उगवले काय ते त्याचे त्याला बघू द्यावे, अशी त्यांची रीत होती.

शनिवारी गाणे तयार झाले. खरोखर सुंदर झाले होते. ओळीमागून ओळ, मध्ये कसलाही डाग नाही, जणू गाणारीला श्वासाची गरजच नाही. शेजारची बाई म्हणाली, "बाई गं, ही तू? मला वाटलं कुणी मोठी गाणारी आहे!" शिष्या लाजली. बऱ्याच दिवसांनी ती त्या दिवशी पोटभर जेवली.

दुपारी परीक्षा झाली. सासूबाई चिंगीला मांडीवर घेऊन बसल्या, मोबाईल उशाशी ठेवला आणि गाणे लावले. शिष्या मागच्या अंगणात जाऊन तुळशीपाशी उभी राहिली. चिंगीने गाणे ऐकले. इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग दाराकडे पाहून रडायला लागली. सासूबाईंनी गाणे पुन्हा लावले. चिंगी जास्त रडली. मोठ्या आवाजात लावले, तेव्हा तिने हाताने मोबाईल लोटून दिला.

"अगं ये बाई आत!" सासूबाई ओरडल्या. "तुझं ते मांजर काही येत नाही, उलट पोर वाघ झालीय!"

शिष्येने धावत येऊन लेकीला उचलले. चिंगी गप्प झाली, पण आईला रडू आवरेना. "माझं लेकरू मला ओळखत नाही. आपल्याच आईचा आवाज! सोमवारी मी कशी जाऊ? नाही जात मी. सांगून टाकते, नको मला काम."

सासूबाई उठल्या. त्यांनी चिंगीचे टोपडे बांधले, आपल्या पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल आबांकडं."

आबांनी सगळे ऐकून घेतले. मग त्यांनी शिष्येला सांगितले, "बाळ आजीकडं दे आणि तू बाहेर पायरीवर जाऊन बस. दार लोटून घे." शिष्या गेली, आणि चिंगीने सूर लावला. गोधड्यांनी त्यातला जमेल तेवढा पोटात घेतला.

आबांनी ते सुंदर, धुतलेले गाणे उघडले नाही. त्यांनी बाजूला ठेवलेली मूळ प्रत उघडली. तिच्यावर शिष्येने केली होती तीच खूण त्याच जागी केली. आता त्या यंत्रात आणखी एक बटण असते. 'जे काढायचे आहे तेवढेच ऐकव.' काढताना चुकून काही चांगले निघून जात नाही ना, हे बघण्यासाठी ते असते. लोक ते क्वचितच दाबतात. आबांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावून ते शोधले आणि दाबले.

संगणकाला जोडलेल्या कर्ण्यातून गाणे आले नाही. गाणे भिंतीपलीकडे कुणी पुटपुटावे इतके पुसट झाले होते. पुढे आले ते बाकीचे. एक लांब दम. धप, धप, धप. बांगड्या किणकिणल्या. पुन्हा दम. नाक ओढल्याचा आवाज.

"आबा, हे काय लावलंत?" सासूबाई म्हणाल्या. "हा तर सगळा केर!"

आबांनी ओठांवर बोट ठेवले.

चिंगीचे रडणे मध्येच अडकले. तिने मान वळवली. कर्ण्याकडे बघत राहिली. दम आला, तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. धप धप आले, तेव्हा तिची मूठ सुटली. सासूबाईंचा हात आपोआप उठला आणि त्याच लयीत तिच्या पाठीवर पडू लागला. थोड्या वेळाने चिंगीने अंगठा तोंडात घातला, एक उरलेला हुंदका दिला आणि डोळे मिटले.

रडणे का थांबले म्हणून घाबरून शिष्येने दार ढकलले. आणि तशीच उंबऱ्यात उभी राहिली. आत तिला तिचाच श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासाशेजारी तिची लेक झोपली होती.

"आबा," ती अगदी हळू म्हणाली, "हे तर मी काढून टाकलं होतं."

आबांनी आवाज बारीक केला आणि तिला जवळ बसवले.

"पोरी, तू यंत्राला सांगितलंस, हा गोंगाट. यंत्रानं ऐकलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत की ती तूच आहेस? आता बघ. मांजर म्हणजे काय, दार म्हणजे काय, ते चिंगीला अजून कळत नाही. तू गातेस तेव्हा ती गाणं ऐकत नसते. ओळ संपली की ती वाट बघते, आई आता दम घेते का. तू दम घेतलास की तिला कळतं, आई आहे, पुढची ओळ येणार आहे. मग ती निर्धास्त होते. तुझ्या धुतलेल्या गाण्यात सगळं होतं. फक्त 'आई आहे' हे सांगणारं काही नव्हतं."

 शिष्या एका हाताने बांगड्या फिरवत राहिली. मग तिने विचारले, "मग आबा, गाणं कशाला?"

आबा हसले. "अगं, घेतलेला दम सोडायला काहीतरी नको का?"

सासूबाईंना हसू फुटले. चिंगी हलली, तेव्हा त्यांनी ते पदरात दाबले. मग त्या सुनेला म्हणाल्या, "आणि ते नाक ओढलेलंही राहू दे बरं. त्यावाचून तू कसली?"

मूळ गाणे जसेच्या तसे मोबाईलमध्ये घातले. आबांनी त्यातून एकच गोष्ट काढली, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी शेवटी शिरली होती ती. तीही शिष्येला विचारून काढली.

सोमवारी शिष्या गिरणीत गेली. सकाळभर यंत्रांच्या खडखडाटात तिला कुणीतरी रडल्याचा भास होत होता. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा ती डबा न उघडताच भिंतीच्या आडोशाला गेली आणि तिने घरी फोन लावला.

"हळू बोल," पलीकडून सासूबाई कुजबुजल्या. "झोपलीय. मीही झोपले होते, तू उठवलंस."

"खरंच झोपलीय? दूध प्यायली? अंग गरम नाही ना? आई, खरं सांगा, रडली का?"

 फोन सरकवल्याची खुडबुड झाली. मग काही वेळ काहीच ऐकू आले नाही, आणि मग ऐकू आला एक बारीक, चोंदल्या नाकाचा, संथ श्वास. जात होता, येत होता. आईची सर्दी लेकीला लागली होती.

एरवी शिष्येने यावरही काळजी केली असती. त्या दिवशी तिने फोन कानाला तसाच धरला, आणि सुट्टी संपेपर्यंत ती ऐकत राहिली. त्यात धुवून काढण्यासारखे काहीच नव्हते.