वैमानिकाला दिसलेला दिवा

एकदा एका माळरानावर एक प्रवासी विमान कोसळले. कितीतरी माणसे दगावली, आणि धूर विरण्याआधीच कारणे सांगणाऱ्यांची गर्दी झाली. कुणी घातपात म्हणाले, कुणी पक्ष्यांचा थवा. वाहिन्यांवर रोज नवा तज्ज्ञ येऊन बसे.

चौकशीची जबाबदारी टिळेकर नावाच्या एका वृद्ध अभियंत्याकडे होती. मृण्मयी आणि इरफान हे त्यांचे दोन शिष्य. आग विमानाच्या डाव्या इंजिनाला लागली होती. पण अवशेषांत बंद केलेला खटका सापडला तो उजव्या इंजिनाचा.

"सरळ आहे, सर," मृण्मयी म्हणाली. "वैमानिक गोंधळला आणि त्याने चांगले इंजिन बंद केले. चूक त्याचीच."

"अर्धे आयुष्य विमान उडवणारा माणूस डावे-उजवे विसरेल?" इरफान उसळला. "त्याला यंत्रानेच चुकीचा इशारा दिला असणार."

वाद इतका विकोपाला गेला, की दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. त्यातच मृत वैमानिकाचे वडील सरांना भेटायला आले. "मुलगा गेला ते सोसतोय," ते म्हणाले, "पण लोक म्हणतात, त्यानेच सगळ्यांना मारलं. खरं काय ते सांगा. वाईट असलं तरी ऐकेन."

ते गेल्यावर सरांनी शिष्यांना बोलावले. "मृण्मयी, वैमानिक निर्दोष असल्याचा पुरावा तू शोधायचास. इरफान, तो दोषी असल्याचा तू."

"म्हणजे मी माझ्याच विरुद्ध काम करू?" मृण्मयीने विचारले.

"हो. आणि मन लावून कर."

ती नाराजीनेच कामाला लागली. वैमानिक निर्दोष असेल, तर त्याच्यासमोर उजव्या इंजिनाच्या आगीचा इशारा देणारा दिवा लागलेला असला पाहिजे. हा विचार तिने आजवर केलाच नव्हता. ढिगारा पुन्हा उपसून तिने ते दोन्ही इवलेसे दिवे शोधून काढले. आदळताना दिवा पेटलेला असेल, तर त्याची तापलेली तार हिसक्याने ताणली जाते. विझलेल्याची तशीच राहते. भिंगाखाली डावी तार जशीच्या तशी होती. उजवी ताणून लांबली होती.

ती धावतच इरफानकडे गेली. "तुझं बरोबर होतं."

"मी विमानातल्या ध्वनिमुद्रणातलं वैमानिकाचं अखेरचं बोलणं पुन्हापुन्हा ऐकलं," इरफान म्हणाला. "दोष शोधायलाच बसलो होतो. पण तो शेवटपर्यंत शांत होता गं."

त्याच बनावटीची इतर विमाने तपासली, तेव्हा आणखी एकात डाव्या-उजव्या इंजिनांच्या इशाऱ्याच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या; डावीकडे आग लागली, की दिवा उजवीकडचा लागे. त्या वेळीच दुरुस्त झाल्या.

"सर, तुम्हाला हे आधीच ठाऊक होतं?" मृण्मयीने विचारले.

"नाही," सर म्हणाले. "पण त्या ढिगाऱ्यातून तू आधीही फिरली होतीस. दिवे तिथेच होते. तू मात्र आपले मत सांभाळत चालली होतीस. इरफान बरोबर होता, तरी तोवर त्याच्यापाशी नुसता विश्वास होता. तुमच्यापैकी कोण जिंकले, याच्याशी गेलेल्यांना कर्तव्य नाही. उद्या विमानात बसणाऱ्यांना मात्र खरे काय याच्याशी आहे."

वैमानिकाच्या वडिलांना मृण्मयीने स्वतः फोन केला.

"बरं झालं, पोरी," सगळे ऐकून ते म्हणाले. "आता त्याचा फोटो बाहेरच्या खोलीत लावतो."

आपण चुकलो याचे एवढे समाधान तिला पूर्वी कधीच वाटले नव्हते.